मदत हवी आहे: बास मासा लुअरमागे (नकली आमिषामागे) येतो, पण गळाला लागत नाही

लार्जमाउथ बाससाठी (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायचा माशासारखा लुअर, वापरणाऱ्यांना विचारायचंय. पाणी सध्या 12-13 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे अंडी घालायला अजून अवकाश. ते साधारण 16 च्या आसपास सुरू होतं. उथळ पाण्याच्या अलीकडे, जिथे तळ एकदम खोल जातो, त्या कडेला मासे थांबलेत. तिथे जर्कबेटला दोन झटके देऊन थांबतो. दोर सैल पडतो, लुअर जागच्या जागी तरंगतो, बास मागून येतो, अगदी नाक लावतो आणि निवांत वळून जातो. डोक्यात जातं हो!

झटक्यांनंतरचा थांबा किती लांबवू? सध्या पाच सेकंद ठेवतो. दहापर्यंत जावं, की लुअरच लहान घ्यावा? पाणी किंचित गढूळ आहे, तर चंदेरीऐवजी चार्ट्रूज (पोपटी-पिवळा) रंग बरा का?

लिपलेस क्रँकबेट (तोंडाशी पट्टी नसलेला, ओढला की थरथरणारा लुअर) पाणगवतात अडकवून हिसका देऊन सोडवला की मासा झपकन लागतो, पण फक्त दुपारी, ऊन तापल्यावर. सकाळचं काय? जिग (वजनदार डोक्याचा गळ) सावकाश ओढा असं सगळेच सांगतात. गवतात तो सारखा अडकतो, वीडगार्ड (गवत अडकू नये म्हणून गळापुढे असलेला आडोसा) असूनही. टेक्सास रिगवाल्यांनी (गळाचं टोक मऊ नकली आमिषात लपवून, पुढे वजन लावणाऱ्यांनी) वजन किती ठेवता तेही सांगा.

घरटं राखणारा नर पकडायचा नाहीये, त्यामुळे त्या युक्त्या नकोत.