सुट्टीत साताऱ्यात पहाटे धावायचे आहे : सपाटीची सवय असलेल्याने कोणती वाट धरावी?

हरिपूरवाट

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि गेली काही वर्षे नियमाने पहाटे धावते. कृष्णेच्या काठाने निघून हरिपूरच्या रस्त्याला लागायचे, संगमेश्वराच्या देवळापाशी वळायचे आणि परत यायचे, अशी माझी ठरलेली वाट आहे. या वाटेवर चढ म्हणावा असा चढ नाही, त्यामुळे दहा किलोमीटर एका लयीत धावणे मला आता जड जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही दिवस साताऱ्याला, चिमणपुऱ्यात मामांकडे जाणार आहोत. सातारा हे माझे मनापासून आवडते शहर आहे. शाळेत असताना प्रत्येक मोठी सुट्टी तिथेच जायची. पेठांमधले उतरते बोळ, मंगळवार तळे, राजवाड्यासमोरची संध्याकाळची गर्दी हे सारे माझ्या पायाखालचे आहे. मात्र भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना, ते शहर धावत पाहायचे राहून गेले आहे, आणि या खेपेस ते करायचेच असे मी ठरवले आहे.

माझ्याजवळ आहे तेवढ्या सपाटीवरच्या सरावावर यवतेश्वरचा घाट पहिल्याच दिवशी चढावा का, की आधी काही वेगळे करावे? शहरात किंवा शहराला लागून बऱ्यापैकी सपाट असा रस्ता आहे का? मी एकटीच धावणार असल्याने उजाडण्यापूर्वी कोणत्या बाजूला जाणे टाळावे, हेही जाणकारांनी सांगावे. घरात फराळाची आणि पाहुण्यांची गडबड असणार, तेव्हा आठच्या आत परतणे मला भाग आहे.

घाटमाथा

ताई, चिमणपुऱ्यात मुक्काम आहे म्हणजे समर्थ मंदिराचा चौक तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे, आणि यवतेश्वर-कासचा रस्ता त्याच बाजूने चढू लागतो. मोह होणार हे उघड आहे. तरीही पहिल्या दिवशी घाट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण घाटाचा चढ नसून उतार आहे.

चढताना दम लागतो, छाती धडधडते आणि शरीर आपोआप वेग कमी करायला लावते. म्हणजे चढावर आपल्याला आवरणारे कोणीतरी आपल्या आतच असते. उतारावर ते राहत नाही. श्वास मोकळा होतो, पाय सुटतात आणि आपण फार छान धावत आहोत असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्या वेळी प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलून धरण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावे लागते, म्हणजे ते एकीकडे जोर लावत असतात आणि त्याच वेळी ताणलेही जात असतात. सपाटीवर धावणाऱ्याच्या स्नायूंना या कामाची सवय नसते, आणि त्यातून त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे त्याच दिवशी कळत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरते जाणवते, आणि मग जिन्याच्या चार पायऱ्या उतरतानाही कठड्याचा आधार घ्यावा लागतो. सोमवारी घाट उतरलेल्या माणसाची बुधवारची धाव बहुतेक वेळा बुडते, आणि सुट्टीचे दिवस मोजकेच असतात.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. उताराचा थोडासा ताण आधी देऊन ठेवला, तर स्नायू पुढचे काही आठवडे त्याच प्रकारच्या कामाला पुष्कळ बरे तोंड देतात. सांगलीत चढ-उतार नसले तरी नदीच्या घाटाच्या पायऱ्या आहेत. निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस आधी त्या काही वेळा सावकाश, पाऊल दाबून न टाकता उतराव्यात, आणि मांडीत किंचित जडपणा जाणवला की त्या दिवसापुरते थांबावे. साताऱ्यात आल्यावरही आधी छोटा उतार, मग मोठा, हा क्रम मोडू नये.

आपल्याकडची हिल मॅरेथॉन २०१२ पासून होते. ती शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्यावर पुढे जाते आणि त्याच वाटेने परत खाली येते. २०१५ साली २६१८ धावपटूंनी ती धावून डोंगरी धावेतल्या सहभागाचा गिनीज विक्रम केला होता. त्या शर्यतीत उताराच्या एखाद्या वळणावर उभे राहून नुसते ऐकले, तरी कोण मुरलेला आहे ते कळते. नवख्या धावपटूचा बूट रस्त्यावर फटाफट आपटत येतो. मुरलेल्याची पावले लहान आणि जलद असतात, पाऊल पुढे फेकलेले नसून शरीराच्या खालीच पडते, पाठ मागे झुकलेली नसते, आणि तो अगदी जवळ येईपर्यंत त्याच्या पावलांचा आवाज जाणवत नाही. उतरताना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकत राहणे यासारखी दुसरी शिकवणी नाही.

अजून एक. सांगलीत तुम्ही किलोमीटर आणि वेग यांवर धावत असाल. साताऱ्यात तो हिशेब बाजूला ठेवावा. घाटात तुमचा नेहमीचा वेग अर्ध्यावर येईल आणि त्यात काहीही वावगे नाही. वेळ हेच माप धरावे : पंचवीस-तीस मिनिटे चढायचे, एक पुरते वाक्य सलग बोलता येईल इतक्याच जोराने चढायचे, बोलता येईनासे झाले की चालायचे, आणि वेळ संपली की जिथे असाल तिथून वळायचे. यवतेश्वराच्या देवळाला हात लावूनच परतले पाहिजे, असा हट्ट धरू नये.

गोडोलीकर

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु यवतेश्वराच्या नादात अजिंक्यताऱ्याचा साधा उल्लेखही राहिला याचे मला वाईट वाटते. साताऱ्यात येऊन पहाटे धावायचे आणि किल्ल्यावर जायचे नाही, हे आम्हा गोडोलीकरांना पटणारे नाही.

पहिल्या दिवशी चार भिंतींपर्यंत जावे. हे हुतात्मा स्मारक किल्ल्याच्या उतारावरच आहे, चढ थोडका आहे, फिरायला येणारी माणसे भेटतात आणि वरून सारे शहर समोर पसरलेले दिसते. घाटमाथा यांनी सांगितलेला छोटा उतार म्हणून याहून सोयीची जागा नाही. एक दिवस मध्ये जाऊ देऊन मग अदालत वाड्याच्या बाजूने निघणारा गाडीरस्ता धरून थेट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जावे. गोडोलीच्या बाजूनेही वर येता येते, पण ती पायवाट धावण्याची नाही, चालत चढण्याची आहे. पावसाळा नुकताच सरलेला असताना गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि दगड कुठे आहे ते दिसत नाही.

दरवाजातून आत गेल्यावर धावणे थांबवावे अशी माझी विनंती आहे. माथ्यावर मंगळादेवीचे मंदिर आहे, तळी आहेत, तटावरून एका बाजूला यवतेश्वर, दुसरीकडे जरंडा, लांबवर चंदन-वंदन आणि सज्जनगड दिसतो. हा किल्ला शिलाहारांच्या काळातला आहे. १६७३ साली तो शिवाजी महाराजांनी घेतला, १७०० साली औरंगजेबाला त्यासाठी कित्येक महिने वेढा घालून बसावे लागले, आणि पुढे शाहू महाराजांच्या काळात त्याच्या पायथ्याशी आजचे शहर वाढले. तुमचे मामा ज्या पेठेत राहतात ती तटावरून ओळखता येते का, ते अवश्य पाहावे. माथ्याचा फेरा सावकाश चालत तासाभरात होतो, त्यामुळे तुमची आठची वेळ सांभाळायची तर त्या दिवशी अर्धाच फेरा करावा.

सपाट रस्त्याबद्दल सांगायचे तर साताऱ्यात खरी सपाटी शोधणे कठीण आहे. राजपथावरून राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जा किंवा खालच्या रस्त्याने परत या, काही ना काही चढ-उतार लागतोच. निव्वळ सपाटीवर पाय मोकळे करायचे असतील तर शाहू क्रीडा संकुलाचे मैदान आहे.

हरिपूरवाट

दोघांचेही मनापासून आभार. पायऱ्यांचा सराव आजपासूनच धरते. संगम माहुलीला धावत जाता येईल का? नदीकाठ मला घरच्यासारखा वाटतो, म्हणून ती जागा डोक्यात आहे.

पहाटवारा

मी साताऱ्यातच राहते आणि बहुतेक दिवस एकटीच धावते, म्हणून तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांना मी उत्तर देते.

माहुली सुंदर आहे. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम, विश्वेश्वराचे दगडी देऊळ आणि त्याचा घाट, पलीकडच्या काठावर क्षेत्र माहुलीचे रामेश्वर, असे सगळे एका नजरेत येते. पाणी संथ असले की देवळाचे प्रतिबिंब पायऱ्यांशी जुळलेले दिसते. तरीही चिमणपुऱ्यातून तिथे धावत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. शहर एका टोकाला आणि माहुली दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, मध्ये महामार्ग ओलांडायचा, आणि जाताना उतार असल्याने परतीचा सगळा चढ दमलेल्या पायांवर येतो. घरातल्या कोणाला तरी घेऊन गाडीने माहुलीला जावे, तिथल्या गावरस्त्यावर अर्धा तास धावावे, घाटावर बसावे आणि गाडीनेच परतावे. सुट्टीत हे सहज जमते.

आता अंधाराबद्दल. दिवाळीच्या सुमारास साताऱ्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि त्याआधी वीस मिनिटे रस्ता नीट दिसू लागतो. सव्वासहाला घर सोडले तरी तुम्हाला दीड तास मिळतो, तेव्हा काळोखात निघण्याचे काही कारण नाही. उजाडण्यापूर्वी किल्ल्याचा रस्ता, घाट आणि बोगद्यापलीकडचा कुरणेश्वराचा झाडीचा भाग या तिन्ही जागा टाळाव्यात. अजिंक्यताऱ्याच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि वावर असलेल्या प्राण्याच्या वाटेवर त्याच्या वेळेला आपण जाऊ नये, इतके साधे ते आहे. उजाडल्यावर याच जागा माणसांनी भरलेल्या असतात. कुत्र्यांचा त्रास मला रस्त्यापेक्षा पेठांच्या बोळांत अधिक जाणवला आहे. टोळके समोर आले की धावणे थांबवून सावकाश चालत पुढे जावे. पळणाऱ्याच्या मागे ती लागतात, चालणाऱ्याकडे सहसा लक्ष देत नाहीत.

एकटी बाई पहाटे धावते याचे साताऱ्यात कोणाला आता फारसे नवल वाटत नाही. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिच्यानंतर या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मुलींच्या धावण्याकडे पाहण्याची नजर बदललेली मी पाहिली आहे. चार भिंतींच्या वाटेवर फिरायला येणाऱ्या आजी तुम्हाला थांबवून "कोणाची गं तू?" असे विचारतील, मामांचे नाव सांगा, त्या बहुधा ओळखीच्याच निघतील.

घाटमाथा

पहाटवारा यांनी वेळेचे नेमके सांगितले. घाटाविषयी एक सूचना राहिली होती, ती देतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून घाटात उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण रस्ता जिथे उजवीकडे वळतो आणि डोंगराच्या कड्यामुळे पुढचे काही दिसत नाही, तिथे उजवी कड हीच सर्वांत धोक्याची जागा असते, कारण वळण घेऊन येणाऱ्या गाडीला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. अशा वळणाच्या बऱ्याच आधी दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडावा, बाहेरच्या बाजूने वळण पार करावे आणि मग पुन्हा उजवीकडे यावे. कानात गाणी लावू नयेत.

शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत कासकडे जाणाऱ्या गाड्या सातनंतर वाढत जातात. तुमचा घाटाचा दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला ठेवा, आणि लक्ष्मीपूजन व पाडवा हे दोन दिवस घाटासाठी मुळीच धरू नका. त्या सकाळी चार भिंतीच बऱ्या.