अभिनेते डेव्हिड यांचं आडनाव चेऊलकर?? हे नक्की कुठलं आडनाव?

पिक्चरवेडा_ठाणे:
जुन्या हिंदी सिनेमातले ते टक्कल असलेले प्रेमळ काका, डेव्हिड, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होतं हे काल कळलं आणि मी उडालोच. मला आजवर ते गोव्याकडचे ख्रिश्चन वाटायचे. चेऊलकर म्हणजे काय, कुठले लोक, आणि आता कितीजण उरलेत? कोणाला माहितीये का?

मंदार_७:
चौलचे असणार, अजून काय. अलिबागकडचे सीकेपी असतील, नंतर धर्म बदलला असेल.

रेवदंडा_बायपास:
मंदार, धर्मबिर्म काही नाही बदललेला 😄 ते बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. चेऊल हे चौलचंच जुनं नाव, रेवदंड्याला लागून आहे, एकेकाळी मोठं बंदर. या लोकांची आडनावं सगळी अशीच गावावरून, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर. आमच्याकडे जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणायची, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या सुट्टीच्या दिवशी, घाणा बंद. नौगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि तिथून सगळा समाज वाढला अशी त्यांची कथा आहे. कधी झालं यावर अभ्यासकांत मारामारी आहे, त्यात मी पडत नाही. अलिबागेत इस्रायल आळी अजून आहे, सिनेगॉगपण (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), वेळ काढून बघून या.

शुभा_के:
एक सांगते, नुसत्या आडनावावरून समाज ओळखायला जाऊ नका. चौलकर हिंदूंमध्येही भरपूर आहेत, आणि दिवेकर घ्या, चित्पावनांत आहेत तसे बेने इस्रायलींतही आहेत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवीत बांधलं ते समाजी हसाजी दिवेकर यांनी, हे म्हणजे सॅम्युअल इझिकेल. (मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच सिनेगॉगवरून पडलं म्हणतात, रोज उतरणाऱ्यांना पत्ता नसतो.) आता आडनाव दिवेकर आणि नाव समाजी हसाजी, कागदावर वाचून कोण म्हणेल ज्यू?

पिक्चरवेडा_ठाणे:
बाप रे, भारी. पण मग आता चेऊलकर कितीजण आहेत? शोधलं तर फारच थोडे सापडतात.

रेवदंडा_बायपास:
आडनाव धरून मोजशील तर गंडशील. कारण पुष्कळ घरांनी शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर 'कर' लावलंच नाही, वडिलांचं नाव तेच आडनाव. डेव्हिड यांचंच बघ ना, पडद्यावर नुसतं डेव्हिड, फार तर डेव्हिड अब्राहम, चेऊलकर घरात. वरळीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते मुंबईचे महापौर होते, त्यांचं आडनाव राजपूरकर, पण रस्त्याच्या पाटीवर आहे का? म्हणजे चेऊलकर घराण्यातले किती लोक आज नुसते अब्राहम नाहीतर सॅम्युअल म्हणून फिरतायत हे यादीवरून कळणारच नाही.

बाकी समाजाचं म्हणशील तर १९५०च्या आसपास भारतात बेने इस्रायली वीसेक हजार होते, मग इस्रायल झाल्यावर बहुतेक तिकडे गेले. २०११च्या जनगणनेत देशातले सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. २०१६ला राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे अश्दोद, लोद, रामला, दिमोना अशा गावांत आहेत बरेच, मायबोली नावाचं मराठी त्रैमासिकपण चालवलं त्यांनी.

मंदार_७:
सीकेपीवाला अंदाज मागे घेतो 🙏 पण किहीमकर म्हटल्यावर आठवलं, फुलपाखरांवर पुस्तक लिहिणारे आयझॅक किहीमकर पण यातलेच का?

शुभा_के:
हो, तेच. आणि किहीमलाच सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता, म्हणजे त्या गावाला पाखरांचं काहीतरी आहेच 😊 पिक्चरवेडा, तू ठाण्याचाच ना? तुमच्याकडे पण १८७९चं सिनेगॉग आहे, चौकशी तिथे कर, जुन्या घराण्यांची गावं तिथल्या वयस्कर मंडळींना गुगलपेक्षा जास्त पाठ असतात. फक्त शनिवारी जाऊ नकोस.