दोन राऊटर एकाच घरात नांदत नाहीत, मदत हवी आहे

भावांनो, घर मंगळवार पेठेतलं जुनं, भिंती दीड-दीड फुटाच्या, त्यामुळं फायबरचा राऊटर खाली सोप्यात आणि वर माडीवर रेंजच्या नावानं बोंब. म्हणून कपाटात पडलेला जुना राऊटर काढला, जिन्यातनं केबल ओढली (मांजरानं एकदा कुरतडली, ते वेगळंच) आणि खालच्याच्या लॅन पोर्टातनं (घरातली यंत्रं जोडायचं भोक) वरच्याच्या वॅन पोर्टात (बाहेरनं नेट आत घ्यायचं भोक) घातली. वायफाय फुल्ल दिसतंय पण नेट काय येईना. मग बघितलं तर दोघांचा नेटवर्कातला पत्ता १९२.१६८.१.१ च, म्हणजे भांडण तिथंच. वरच्याचा १९२.१६८.२.१ केला तर नेट आलं, पण आता खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसत न्हाई.

आता कुणी म्हणतंय वॅन पोर्ट सोडून दे, लॅन टू लॅन जोड, वरच्याला १९२.१६८.१.२ दे आणि त्याचा डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपला आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद कर. हे बरोबर हाय का? आधी सेटिंग करायचं का आधी केबल? आणि दोन्हीकडं नाव-पासवर्ड एकच ठेवून वायफायचं चॅनेल (लहरींचा पट्टा) १ आणि ११ असं वेगळं ठेवलं तर जिना चढताना मोबाईल आपोआप वरचा पकडतोय का खालच्यालाच चिकटून बसतोय? कुणी केलं असलं तर सांगा राव, पोराचा ऑनलाईन क्लास सध्या जिन्यात बसून चाललाय.