शब्दचर्चा : 'अपोप्टोसिस'ला काय म्हणावं, आणि बीसीएल-२ नेमकं करतं काय?

वेलदोडा : लिम्फोमाच्या (लसीकासंस्थेतल्या पेशींच्या कॅन्सरच्या) पेशंटसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे आणि एका वाक्यावर अडले आहे. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'बीसीएल-२ पॉझिटिव्ह' असं येतं. हे प्रथिन 'प्रोग्रॅम्ड सेल डेथ', म्हणजे अपोप्टोसिस, 'रेग्युलेट' करतं, असं मूळ मजकुरात आहे. मी लिहिलं : 'हे प्रथिन नियोजित पेशीमृत्यूचे नियमन करते.' सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "नियोजित वर ऐकलाय, नियोजित अध्यक्ष ऐकलाय. हे काय नवीन?" दुसरं काही सुचतंय का?

अनुस्वार : सासूबाईंचा कान पक्का आहे. 'नियोजित' म्हणजे ठरलेला, पण अजून गादीवर न बसलेला. 'पूर्वनियोजित' तर त्याहून वाईट, त्याच्यापुढे 'कट' आपोआप ऐकू येतो. 'ठरीव पेशीमृत्यू' चालेल?

द्विदल : सरळ 'पेशींची आत्महत्या' लिहा की. विज्ञानावरच्या लेखांत वाचलंय मी.

वेलदोडा : अहो, कॅन्सरच्या पेशंटच्या हातात पडणारा कागद आहे.

काळा फळा : आणि अर्थानंही तो शब्द बसत नाही. गर्भातल्या बाळाच्या बोटांमधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात, बेडकाच्या पिल्लाची शेपूट अशीच जाते. त्यात कुणी जिवाला कंटाळलेलं नसतं.

मूळ ग्रीक शब्दाकडे गेलात तर वाट सापडेल. १९७२ साली कर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी 'अपोप्टोसिस' हा शब्द रूढ केला. तो त्यांना सुचवला अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉरमॅक यांनी. अर्थ : फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पानं गळणं. (उच्चारात दुसरा 'प' मूक ठेवावा, अशी तळटीपही त्या लेखात आहे. पाळत कुणी नाही.) त्याआधी कर या पेशीमृत्यूला 'आक्रसणारा नेक्रोसिस' अशा अर्थाच्या नावानं ओळखत होते. ते नाव टाकून दिलं हे बरंच झालं, कारण नेक्रोसिस ही इजेनं झालेली मर. त्यात पेशी फुगून फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो, आजूबाजूला सूज येते. अपोप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते, तिचे आवरणबंद तुकडे पडतात आणि इतर पेशी ते गिळून टाकतात. सूज सहसा येत नाही.

आता मराठी 'गळणे' बघा. फांदी मधेच मोडली की तिच्यावरची पानं वाळतात, पण गळत नाहीत, कित्येक दिवस तशीच लोंबतात. पान गळायचं तर देठाच्या बुडाशी जिवंत पेशींना काम करावं लागतं. म्हणजे गळणं ही झाडानं केलेली क्रिया आहे. 'प्रोग्रॅम्ड'मध्ये जे सांगायचंय ते या साध्या क्रियापदात आधीच आहे. माझं मत 'गळणे'ला.

अनुस्वार : 'ठरीव' मागे घेतो.

सूक्ष्मदर्शी : मला 'मृत्यू'पेक्षा 'नियमन' जास्त खटकतं. वाहतुकीचं नियमन करणारा हवालदार गाड्या थांबवतोही आणि सोडतोही. बीसीएल-२ फक्त थांबवतं.

या प्रथिनाची कथाच तशी आहे. फॉलिक्युलर लिम्फोमा या प्रकारात १४ आणि १८ या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल होतात. १९८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये त्सुजिमोतो, क्रोचे आणि सहकाऱ्यांनी ती तुटण्याची जागा हुडकली, आणि तिथलं १८ व्या गुणसूत्रावरचं जनुक म्हणजे बीसीएल-२. ते १४ व्या गुणसूत्रावरच्या अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी येऊन पडतं. बी पेशीत (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीत) तो भाग सतत चालू असतो, त्यामुळे हे प्रथिन भरमसाट तयार होतं. तोवर माहीत असलेली कॅन्सरची जनुकं पेशींना विभाजनासाठी ढकलणारी होती, म्हणून हेही तसलंच असणार असं धरून चालले होते. १९८८ मध्ये मेलबर्नला व्हॉक्स, कोरी आणि अ‍ॅडम्स यांनी दाखवलं की हे पेशींना वाढवत नाही, मरू देत नाही.

काम कसं होतं? बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात. तिथून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडलं की कॅस्पेज नावाची विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि पेशीची आतून कापाकापी सुरू होते. बीसीएल-२ त्याच आवरणावर बसून भोकं पडू देत नाही. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं बीसीएल-२ ला चिकटून त्याची ही पकड सोडवतं.

'अपोप्टोसिस रेग्युलेटर बीसीएल-२' या अधिकृत नावातलं 'रेग्युलेटर' फार तर त्याच्यासारख्या प्रथिनांच्या सबंध कुटुंबाला शोभेल, त्यात मारणारेही आहेत आणि वाचवणारेही. एकट्या बीसीएल-२ साठी 'अडवतं' लिहा.

द्विदल : फक्त 'कुटुंब' आणि 'नियोजित' एका वाक्यात आणू नका, सरकारी जाहिरात होईल.

वेलदोडा : :-) बरं, 'बीसीएल' म्हणजे 'बी-सेल लिम्फोमा', त्याचं काय? 'बी-पेशी लसीकार्बुद २' करू?

सूक्ष्मदर्शी : मुळीच नको. रिपोर्टवर जे छापलंय तेच पत्रकात दिसायला हवं. शिवाय त्या आकड्यांना नात्याचा अर्थ नाही. बीसीएल-१ म्हणजे सायक्लिन डी१ निघालं, ते पेशीविभाजनाचं प्रथिन. बीसीएल-६ आणखी तिसरंच, इतर जनुकांना दाबणारं. लिम्फोमात सापडलं, दिला पुढचा नंबर.

'पॉझिटिव्ह'वर मात्र एक ओळ घाला. त्याचा अर्थ त्या पेशींत हे प्रथिन दिसलं, एवढाच. निरोगी टी पेशींमध्येही (पांढऱ्या पेशींचा दुसरा एक प्रकार) ते असतं. नुसत्या त्या शब्दावरून कॅन्सर ठरत नाही. कुठल्या पेशींत दिसलं ते पॅथॉलॉजिस्ट बघतात.

वेलदोडा : घालते. आता मसुदा असा : 'शरीरातल्या नको असलेल्या, बिघडलेल्या पेशी एरवी आपोआप गळून जातात. बीसीएल-२ हे प्रथिन ही पेशीगळती अडवतं. ते प्रमाणाबाहेर झालं की ज्या पेशींनी जायला हवं, त्या मागे राहतात आणि साठत जातात.'

अनुस्वार : छान. पण 'पेशीगळती' काढा. केमो चालू असलेल्या माणसाला 'गळती' म्हटलं की केसच आठवणार.

काळा फळा : खरंय. नाम करूच नका, क्रियापदच ठेवा : 'बीसीएल-२ हे प्रथिन त्यांना गळू देत नाही.'

वेलदोडा : हे घेतलं. सासूबाईंनीही पास केलं.