मुली प्रयोग चोख करतात, पण मांडायची वेळ आली की मागे सरतात, काय करावे?

वर्गशिक्षिका:
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांचे विज्ञान मंडळ चालवते. मंडळात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत, त्यामुळे मुलींना विज्ञानाची गोडी लावावी कशी, हा माझा प्रश्न नाही. नववीतल्या दोघींनी पानांवरील पर्णरंध्रे, म्हणजे वायूंची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे, मोजायचे ठरवले. पानाला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की चिकटपट्टीने अलगद उचलायचा आणि तो ठसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रंध्रे मोजायची, ही रीत त्यांनी चार-पाच ठसे फाटल्यानंतर हाताला इतकी बसवली की पुढे मला पाहण्याचीही गरज उरली नाही. सादरीकरणाच्या दिवशी मात्र गटातला तिसरा सदस्य असलेला मुलगा बोलला, ज्याने केवळ फलक रंगवला होता, आणि या दोघी बाजूला पाने धरून उभ्या राहिल्या. परीक्षकांनी मोजणीविषयी विचारले, तेव्हा एकीने उत्तर त्याच्या कानात सांगितले आणि ते त्याने मोठ्याने म्हटले. नंतर मी कारण विचारले, तर म्हणाली, "मॅडम, आमचं चुकलं असतं तर?"

पुढे वही चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदाच्या पानाच्या खालच्या बाजूला त्यांना एकही रंध्र दिसले नव्हते. ठसाच बिघडला असावा असे समजून त्यांनी ती नोंद फलकावर घेतलीच नाही. अशा मुलींना आपले काम स्वतःच्या तोंडाने मांडायला कसे प्रवृत्त करावे?

सूक्ष्मदर्शी:
वगळलेली ती नोंद हाच त्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग होता, हे त्यांना आधी सांगा. बहुतेक झाडांच्या पानांना खालच्या बाजूला रंध्रे अधिक असतात, पण तरंगणाऱ्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली असल्यामुळे वायूंची देवाणघेवाण वरच्या बाजूने होते आणि रंध्रेही तिथेच असतात. शून्य हेसुद्धा मोजमापच आहे. मात्र हे कारण तुम्ही लगेच सांगू नका. वेगवेगळ्या पानांच्या दोन्ही बाजूंचे ठसे त्यांनाच घेऊ द्या.

मी संशोधनात बरीच वर्षे काढली आहेत आणि चुकण्याची ही धास्ती चांगली ओळखते. शाळेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुस्तकात छापलेले असते, त्यामुळे पुस्तकाशी न जुळणारे निरीक्षण म्हणजे आपलीच चूक, असे नीटनेटके काम करणाऱ्या विद्यार्थिनीला चटकन वाटते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे: नोंदवही शाईने लिहायची, काही खोडायचे झाले तर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते, आणि प्रत्येक पानावर तारीख व मोजणाऱ्याची सही घ्यायची. आपल्या सहीखालच्या आकड्याविषयी बोलणे तुलनेने सोपे जाते, कारण तिथे मत मांडायचे नसते, जे दिसले तेवढेच सांगायचे असते.

जोसेलिन बेल यांनी 1967 मध्ये केंब्रिजला विद्यार्थिनी असताना रेडिओ दुर्बिणीच्या लांबलचक कागदी आलेखांवर एक बारीकशी खरवडल्यासारखी खूण पाहिली आणि ती यंत्राचा दोष म्हणून सोडून न देता तिचा पाठपुरावा केला. त्यातून पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारे तारे, सापडले. आपण इथे शोभत नाही, कधीतरी आपल्याला घालवून देतील, अशी भीती त्या काळी वाटत असे आणि म्हणूनच काम अतिशय बारकाईने केले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. (1974 चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळाले, त्यांना नाही. मुलींना ही गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये.)

सरळमार्गी:
मला यात मुलगा-मुलगी हा भेद आणणेच पटत नाही. ज्याने मोजले त्याने उत्तर द्यावे, असा नियम सर्वांना सारखा लावला की प्रश्न मिटतो. केवळ मुलींसाठी वेगळे व्यासपीठ काढले, तर त्यांचे काम दुय्यम आहे असा समज होईल.

दोन मुलींची आई:
नियम चांगला आहे आणि तो लावावाच, पण तेवढ्याने प्रश्न मिटेल असे मला वाटत नाही. माझी थोरली मुलगी घरी तासन्‌तास बोलते. गटात मात्र यंत्र मुलांच्या हाती आणि लिहिणे तिच्याकडे, अशी वाटणी कुणी न सांगताच होत असे. त्यांच्या शिक्षिकेने कामे दर आठवड्याला बदलून दिली, तेव्हा फरक पडला. पहिले सादरीकरणही थेट परीक्षकांपुढे नको. दोन वर्षे लहान असलेल्या वर्गापुढे करू द्या. लहान मुले आडवेतिडवे प्रश्न विचारतात, पण गुण देत नाहीत.

जुना वाचक:
शाळेबाहेर पोहोचण्याच्या वाटाही आहेत. 'जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स' हे 2011 मध्ये सुरू झालेले नियतकालिक शालेय विद्यार्थ्यांचेच संशोधन छापते. तिथे संशोधक लेख तपासून शेरे देतात आणि विद्यार्थ्यांना तो सुधारावा लागतो. छापून येण्यापेक्षा या सुधारण्यातच मुले अधिक शिकतात, असे माझे मत आहे. माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असेल, तर परवानगी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते, हे विसरू नका.

वयाचा संकोच वाटत असेल, तर एमिली रोझाचे उदाहरण द्या. हाताने स्पर्श न करता शरीराभोवतीचे ऊर्जाक्षेत्र जाणवते, असा दावा करणाऱ्या 21 उपचारकांची परीक्षा तिने नऊ वर्षांची असताना घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशातून त्यांनी दोन्ही हात पुढे करायचे, एमिलीने त्यांपैकी एका हातावर आपला हात धरायचा आणि तो कोणता, हे त्यांनी ओळखायचे. 280 प्रयत्नांत 44 टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवले असते तर याहून बरे झाले असते. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 1998 मध्ये तो निबंध आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

वर्गशिक्षिका:
सर्वांचे आभार. दोघींनी कुमुदाच्या आठ पानांच्या दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. खाली सगळीकडे शून्य आणि वर रंध्रांची गर्दी. फलक रंगवणाऱ्या मुलाने या वेळी पानाचा छेद काढला आणि तेवढ्यापुरते तो बोलला. काल सातवीपुढे सादरीकरण झाले. एका मुलीने विचारले, "आणि पूर्ण बुडालेल्या पानाचं काय?" दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मी मध्ये पडणार इतक्यात, त्या दिवशी कानात कुजबुजणारी तीच मुलगी म्हणाली, "ते आम्ही अजून पाहिलेलं नाही," आणि तिथेच वही उघडून तिने तो प्रश्न लिहून घेतला. आता मला बुडालेल्या पानांचा ठसा घेण्याची रीत हवी आहे, कारण ओल्या पानावर नेलपॉलिश धरत नाही.