तीन दिवसांआड पाणी: उत्तर ८ की १०?

रांगेतला हंडा
काल एका गृहस्थांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मथळा: ‘पालकांनो, आधी मराठी शिका’. खाली शिष्यवृत्तीच्या सराव संचातला प्रश्न: ‘एका गावात तीन दिवसांआड पाणी येते. १ जूनला पाणी आले, तर जून महिन्यात एकूण किती वेळा पाणी येईल?’ उत्तर म्हणे ८. आणि ज्यांच्या पोरांनी १० लिहिलं, ते आईबाप ‘इंग्रजी शाळांच्या फिया भरता भरता घरची भाषा विसरले’, हा वर आहेर.

माझ्या मुलाने १० लिहिलं. तो मराठी शाळेत जातो, फी शून्य. आमच्याकडे पालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत फिरते, ‘तीन दिवसांआड पाणीपुरवठा’, आणि सोमवारी पाणी आलं की पुढचं गुरुवारी येतं. म्हणजे १, ४, ७ करत २८ तारखेपर्यंत मोजा. दहाच होतात. जे मराठी रोज कानावर पडतं तेच पोराने लिहिलं. ‘दिवसाआड’ म्हणजे एक दिवस मोकळा, हे मलाही कळतं हो. पण आकडा वाढला की लोक ‘आड’ सोडून देतात आणि ‘दर तीन दिवसांनी’ ऐकतात. सरळ ‘दर चौथ्या दिवशी’ लिहिलं असतं तर काय हात दुखले असते?

आडमुठा
ती पोस्ट माझीच. एक शब्दही मागे घेणार नाही.
पडद्याआड, झाडाआड, दिवसाआड. आड म्हणजे मध्ये काहीतरी आहे आणि त्याच्या पलीकडे दुसरं काही. तीन दिवस मध्ये गेले की चौथ्याला पाणी. १, ५, ९, १३, १७, २१, २५, २९. आठ. भोंगेवाला चुकीचं बोलतो म्हणून व्याकरणाने त्याच्यामागे पळायचं का?
आणि तुमचं ते ‘दर चौथ्या दिवशी’. १ तारीख हाच पहिला दिवस धरला तर चौथा दिवस ४ तारखेला येतो. झालं परत १०! तुमच्याच औषधाने तुमचाच रोगी दगावला.

बाकावरच्या बाई
आडमुठे, शेवटचा मुद्दा तुम्ही गमतीने टाकलात, पण खरी मेख तिथेच आहे. पहिला दिवस धरायचा की सोडायचा, हे आपण कधी ठरवलेलंच नाही. सोमवारच्या बाजारात कुणी ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणाला की तो पुढच्या सोमवारी येतो. सातच दिवस झाले, पण नाव आठवडा. डॉक्टर ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ म्हणतात आणि त्याच वाराला, चौदा दिवसांनी बोलावतात. दहावा मोजताना माणूस गेला तो दिवस धरतात.
मी ३४ वर्षं चौथीला गणित शिकवलं. एकदा चाचणीत मीच शहाणपणा केला: ‘आज बुधवार, तर परवा कोणता वार?’ निम्म्या वर्गाने शुक्रवार लिहिलं. एका मुलीने सोमवार लिहिलं, आणि परवा तिच्या मामाचं लग्न झालं होतं हेही लिहिलं! मी तिला पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी लाल शाईने कापले. आजही तो लाल काट डोळ्यांपुढे येतो.

जुनी पाटी
हे होणारच. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आणलं तेव्हाच

आडमुठा
नको. कृपा करा. तो विषय निघाला की हा धागा दिवाळीपर्यंत संपत नाही.

जुनी पाटी
का नको? बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर, त्यांच्या समितीचं म्हणणं साधं होतं: बोलताना आधी तीन आणि लिहिताना आधी सहा, यात लहान पोरं गडबडतात. त्यांना पाठिंबा देणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मी नव्हतो, हेही सांगून टाकतो. आता नातू ६३ ऐकून ३६ लिहितो तेव्हा

रांगेतला हंडा
काका, नळावर या!

शेकडा तीन
पाण्याचं सोडा. एक वेळ जास्त आलं, एक वेळ कमी आलं. माझं ऐका.
गिरणी संपानंतर वडील मुंबई सोडून गावी आले. १९८५ ची गोष्ट, मी नववीत. बैल घ्यायला पाच हजार हवे होते. गावातला एक जण ‘तीन टक्क्यांनी’ द्यायला तयार झाला. वडिलांनी मला विचारलं, किती होतात रे? गणितात मी वर्गात पहिला. ताठ मानेने सांगितलं, दीडशे. सावकारही म्हणाला, दीडशे. वडील खूश! गिरणीच्या पतपेढीपेक्षा स्वस्तात आणि अंगठीसुद्धा गहाण न ठेवता पैसे मिळाले, असं आईला सांगत आले.
माझे दीडशे वर्षाचे होते. त्याचे महिन्याचे. वर्षाअखेर व्याज मागितलं १,८०० रुपये. आईच्या पाटल्या गेल्या. दोघांचं गणित बरोबर होतं.

तारण अधिकारी
वाईट झालं. पण खासगीतले टक्के महिन्याचेच असतात, हे खेड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच पाठ्यपुस्तकात द.सा.द.शे. लिहितात. दर साल, दर शेकडा. चार अक्षरांत सगळा करार. आणि आज २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना नसलेल्याची तक्रार करता येते.

शेकडा तीन
ते शेंबडं पोर मीच होतो, साहेब. तुमचं द.सा.द.शे. पाठ होतं, म्हणूनच फसलो. पुस्तकात टक्के म्हटलं की साल आलंच, असं डोक्यात बसलं होतं. कायदा २०१४ चा, पाटल्या ८६ च्या. कोणाच्या दारात तक्रार करू?

तारण अधिकारी
आवाज चढवू नका. माझा मुद्दा इतकाच की विचारायला हवं होतं.

शेकडा तीन
शंका आली तर माणूस विचारतो. दोघेही ‘दीडशे’ म्हणाल्यावर शंका कुठून यायची?

बाकावरच्या बाई
तारण अधिकारी, तुमचं शेवटचं वाक्य मी आयुष्यभर मुलांना ऐकवलं, ‘कळलं नाही तर विचारायचं’. ज्याला चुकीचं कळलंय त्याला ते चुकीचं आहे हे कळत नसतं. तुम्ही बँकेतले आहात ना? कर्जाच्या जाहिरातीत ‘फक्त ८ टक्के’ आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘सपाट दर’. एक लाख, दोन वर्षं, सपाट ८ म्हणजे सोळा हजार व्याज. हप्त्याहप्त्याने मुद्दल परत जातं, तरी व्याज पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर ८ धरले तर साडेआठ हजारांच्या आसपास. हेही शेंबड्या पोराला कळायला हवं का?

तारण अधिकारी
बाई, ते खरं आहे. आमच्या शाखेत सपाट दर नाही, पण खरं आहे. बस?

आडमुठा
माझ्या पाण्याच्या टाकीत व्याज कुणी ओतलं? मूळ प्रश्नाला उत्तर ८ च.
पण पाटल्यांवरून एक कबूल करतो. माझा शेजारी गोळी ‘एक दिवसाआड’ असताना रोज घ्यायचा, कारण त्याला ‘एक दिवस आड’ म्हणजे ‘एक दिवस, एक गोळी’ वाटलं होतं. तो अडाणी नाही, निवृत्त तलाठी आहे. तेव्हा मी हसलो होतो. असो. मथळ्यातलं ‘मराठी शिका’ काढतो. इंग्रजी शाळांबद्दलचं वाक्य राहणार.

रांगेतला हंडा
थोर उपकार. म्हणजे फी न भरणाऱ्या माझ्यासारख्यांना निम्मी माफी.
बरं, मीही देतो अर्धं पाऊल. ‘दर चौथ्या दिवशी’ हा उपाय फसवा आहे. ‘१ जूनला आले, मग ५ जूनला, पुढेही असेच’ एवढं छापलं असतं तर वादच नव्हता.

लातूरकर
१० आणि ८ वर भांडणाऱ्यांनो, २०१६ ला आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. तेव्हा कुणी ‘किती दिवसांआड’ विचारत नव्हतं. गाडी कधी लागते एवढंच. प्रश्नपत्रिकेत वेळापत्रकाप्रमाणे पाणी येतं, त्याचंच मला हसू येतंय.

रांगेतला हंडा
लातूरकर, तुमच्यामुळे उठून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघितलं. पाणी आलं त्या तारखेला बायको पेन्सिलीने हंडा काढते. या जूनमध्ये हंडे मोजले. १६ ला मोटार जळाली, पाणी आलं थेट १९ ला.
नऊ.

आडमुठा
९ हा पर्यायच नव्हता.