‘कॉमन नॉलेज’ला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ
इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंगच्या, म्हणजे अनेक संगणक एकमेकांना निरोप पाठवत मिळून काम करतात त्याच्या, नोट्स मराठीत करतेय. जोसेफ हाल्पर्न आणि योराम मोझेस या संगणकशास्त्रज्ञांच्या १९८४च्या निबंधापाशी गाडी अडली. ‘कॉमन नॉलेज’ला मी ‘सामान्य ज्ञान’ लिहिलं, तर तपासणारे सर म्हणाले, पोरं एमपीएससीचं गाइड समजतील. बरोबरच आहे त्यांचं. इथे अर्थ असा: एखादी गोष्ट प्रत्येक प्रोसेसरला ठाऊक आहे, प्रत्येकाला ती ठाऊक आहे हेही प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ही साखळी कुठेच तुटत नाही. नुसतं ‘सगळ्यांना ठाऊक’ ही त्याची फक्त पहिली पायरी. दोन्हींना वेगवेगळे शब्द हवेत.

जुनाकोश
पहिल्या पायरीला सर्वज्ञात, तुमच्याला सर्वश्रुत. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

गोदाकाठ
सर्वश्रुत म्हणजे सगळ्यांनी ऐकलेलं. शेजारच्यानेही ऐकलंय हे मला ठाऊक आहे, असं त्यातून निघत नाही.

तिवंधा
‘जाहीर’ घ्या. वाड्यातली तीन पोरं चिखलात खेळून आली, दोघांच्या कपाळाला चिखल. स्वतःचं कपाळ कोणालाच दिसत नाही, दुसऱ्यांचं दिसतं. आई सगळ्यांसमोर म्हणते, “एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे.” मग विचारते, “आपल्या कपाळाला आहे हे कोणाला कळलं?” पहिल्यांदा सगळे गप्प. दुसऱ्यांदा विचारल्यावर ती दोघं एकदम हात वर करतात. गंमत अशी की ‘एकाच्या तरी आहे’ हे तिघांनाही आधीच दिसत होतं. तरी आई बोलल्याने फरक पडला, कारण ती सगळ्यांदेखत बोलली. तेच तिने एकेकाच्या कानात सांगितलं असतं तर कितीही वेळा विचारून कोणाला काही कळलं नसतं. दवंडी आणि कानगोष्ट यांतला फरक हाच. म्हणून ‘जाहीर ज्ञान’.

जुनाकोश
जाहीर अरबी, ज्ञान संस्कृत. असा जोड कानाला खटकतो.

तिवंधा
‘जाहीर सभा’ खटकत नाही ना? सभा संस्कृतच आहे.

सातबारा
आमच्या उताऱ्यावर शब्द आहे: सामाईक. दिंडोरीकडे द्राक्षबाग, विहीर दोघा भावांत सामाईक. धाकटा विहिरीवर मोटार चालू करतो, मी लांबच्या टोकाला कॉक फिरवतो. कॉक बंद असताना मोटार सुरू झाली की पाइप फुटतो. रेंज बेभरवशाची, म्हणून मिस्ड कॉलवर काम. मी कॉल दिला, तो पोचला का? त्याने उलट दिला, तो मला पोचला हे त्याला कसं कळावं? एका रात्री असंच करत बसलो आणि लाइटच गेली. ताई, तुमची अडचण हीच ना?

गोदाकाठ
दादा, अगदी हीच. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मध्ये शत्रू, निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रेने १९७८मध्ये ही गोष्ट लिहिली. कितीही पोचपावत्या दिल्या तरी शेवटचा निरोप पाठवणारा साशंकच राहतो. हाल्पर्न-मोझेस यांनी दाखवलं की एकाच वेळी हल्ला करायचा तर त्या वेळेविषयी हेच ज्ञान लागतं, आणि निरोप हरवू शकणाऱ्या वाटेने ते कधीच मिळत नाही.

सिन्नरी
उदाहरणात थोडी चूक आहे. कॉक आधीच उघडून ठेवला आणि मोटार उशिरा चालू झाली तर पाइप फुटत नाही, फक्त ताटकळावं लागतं. म्हणजे धोका एकाच बाजूचा आणि एका निरोपात काम भागतं. सेनापतींपैकी कोणीही एकटा निघाला तरी मारला जातो. मुलांना शिकवताना हा फरक सांगाच.

सातबारा
मान्य. आता आधी कॉक उघडूनच फोन करतो.

जुनाकोश
‘सामाईक’ नव्हे, ‘सामायिक’. जैनांचं सामायिक व्रत, दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं समभावात बसायचं. मूळ शब्द तो, तुमचा अपभ्रंश.

सातबारा
व्रताचा शब्द वेगळा, विहिरीचा वेगळा. तलाठ्याच्या तोंडी सामाईकच आहे.

सिन्नरी
माझी हरकत ‘सामाईक’लाच आहे. सामाईक म्हणजे वाटून घेतलेलं. विहीर दोघांची असते म्हणून धाकट्याने पाणी घेतलं हे थोरल्याला आपोआप कळतं का? नाही. म्हणजे हा शब्दही पहिल्या पायरीवरच अडतो.

गोदाकाठ
हा मुद्दा मला छळतोय. आणि ‘ज्ञान’सुद्धा जड वाटतंय. या सिद्धांतात प्रोसेसर विचार करत नाही. त्याच्या स्वतःच्या नोंदींशी जुळणाऱ्या जेवढ्या शक्यता आहेत त्या सगळ्यांत एखादी गोष्ट खरी ठरत असेल, तर ती त्याला ‘ठाऊक’. त्याला ज्ञान म्हणायला जीभ रेटत नाही. ‘जाण’?

जुनाकोश
जाण माणसाला असते. आणि प्रोसेसर कशाला, ‘प्रक्रियक’ म्हणा.

तिवंधा
प्रोसेसर राहू द्या हो, पोरं दुकानात तोच शब्द घेऊन जातात. गोदेला पूर आला की नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं ते दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांना बघत बघतात. तशी ही जाण. ‘समक्ष’ या शब्दातून काही निघतंय का बघा.

गोदाकाठ
‘समक्ष जाण’... सोमवारी नोट्स छापायला जातायत. तूर्त ‘सर्वांसमक्ष ठाऊक’ लिहून समासात दवंडीचं उदाहरण टाकते.

सातबारा
ताई, आमच्या गावात ‘दौंडी’ म्हणतात. दवंडी नाही.

जुनाकोश
दवंडीच.